पिळाचं यंत्र, वजनाचं यंत्र

३ मार्च

दादा,

गेल्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. पहिल्या वेळी वाटलं, टपालात गहाळ झालं असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, तू कशावरून तरी फुगला असशील. आता तिसरं लिहितोय, कारण माझं काम अडलंय, आणि काम अडलं की मला मानापमान सुचत नाही.

शहराबाहेर एक उघड्यावरचं संग्रहालय आहे, तिथे मी सध्या सुतारकाम करतो. जुन्या तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. त्याच्या समोरच्या मैदानावर दगड फेकणारी दोन यंत्रं करायची आहेत. शोभेची नाहीत, खरी चालणारी. एक प्राचीन काळातलं, एक मध्ययुगातलं. दोघांतला फरक लोकांना डोळ्यांनी दिसावा, असं इथल्या संचालकबाईंचं म्हणणं आहे. त्यांनी नकाशे दिले. पण नकाशात माप असतं, कारण नसतं. मी विचारलं, “दोन्ही दगडच फेकतात ना? मग दोन कशाला?” बाई बरंच काही बोलल्या, पण बोलताना कागदाकडे बघत होत्या, त्यामुळे मला एक अक्षर कळलं नाही.

कान आता जवळजवळ गेलेच. लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? समोरचा तोंडाकडे तोंड करून बोलला तर ओठांवरून कळतं. फोनवर नुसती गुणगुण. म्हणून पत्र.

तू हे सगळं शाळेत आयुष्यभर शिकवलंस. जेवताना चमच्याने वाटाणे उडवून दाखवायचास आणि वहिनी ओरडायच्या. आता मला शिकव.

राहायला कार्यशाळेच्या वरची खोली आहे. संध्याकाळी फाटक बंद झालं की एवढ्या आवारात मी आणि एक पहारेकरी. तो बरा माणूस आहे, पण त्याला भरघोस मिशा आहेत. ओठ दिसतच नाहीत. तेव्हा आमचं संभाषण म्हणजे हात वर करणं.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा
ठोक्या


१९ मार्च

भावोजी,

माझं अक्षर बघून दचकू नका. ह्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो. लिहायला बसले की ओळ उतरत जाते, मग चिडतात. म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते. आधीच्या पत्रांना उत्तर राहिलं, ते याच कारणाने. रागबिग काही नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हे म्हणतात, दोन्ही यंत्रं दगडच फेकतात हे खरं, पण दगडाला ढकलणारं बळ कुठून येतं ते बघा. प्राचीन यंत्रात ते पिळातून येतं. ग्रीक आणि रोमन लोक जनावरांच्या स्नायुबंधांचे नाहीतर केसांचे दोर करायचे, त्यांची जाड गुंडी, म्हणजे फेऱ्यांचा जुडगा, एका भक्कम चौकटीत उभी ताणायची आणि तिच्यामधोमध लाकडी दांडा खुपसायचा. अशा दोन गुंड्या, दोन दांडे, आणि दोन्ही दांड्यांच्या टोकांना जोडणारी एक दोरी. धनुष्यच म्हणा, फक्त धनुष्याचं लाकूड वाकतं, इथे दोर पिळतो. रहाटाने दोरी मागे ओढायची, की गुंड्या आणखी पिळल्या जातात. सोडली, की पीळ उलगडतो आणि दगड सुटतो. सरळ, जवळजवळ आडवा जातो.

मध्ययुगातल्या यंत्रात पीळ नाहीच. तिथे नुसतं वजन. एक लांब तुळई, आखूड टोकाला जड पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी खाली पडते, गोफण वर जाते. त्याचं सविस्तर नंतर, असं हे म्हणतात. आधी पहिलं यंत्र हाती घ्या.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. दोर भरताना सगळे फेरे सारख्या ताणाने गेले पाहिजेत. शिवणयंत्रावर वरचा दोरा सैल आणि खालचा घट्ट असला की टाके कसे ओढले जातात, तसंच आहे हे.

जेवणाची आबाळ करू नका.

वहिनी


८ एप्रिल

दादा,

वाचून जीव भांड्यात पडला. मला उगाच वाटत होतं, माझ्याकडून काही झालं की काय. हाताला डॉक्टरांना दाखव.

चौकट झाली. लाकूड जुनं, वाळलेलं मिळालं. कडांना लोखंडी पट्ट्या मारल्या. दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा आणलाय. काळाभोर, हातात घेतला की जिवंत वाटतो. दोन्ही गुंड्या भरल्या, पीळ दिला.

आणि इथे गाडी अडली. बाईंनी एका जुन्या ग्रंथातला उतारा लिहून दिला. त्यात म्हटलंय की दोन्ही गुंड्यांचा ताण सारखा झाला की नाही हे कारागिराने कानाने ओळखायचं. बोटाने छेडायचं, वाद्याच्या तारेसारखं. दोन्हींचा सूर एक आला की यंत्र जुळलं. नाही आला तर एक दांडा आधी सुटतो आणि दगड भलतीकडे जातो.

म्हणजे बघ. इतक्या शतकांनी एक यंत्र पुन्हा उभं राहायचं, ते कानाने जुळवायचं, आणि सुतार मिळाला बहिरा. मी छेडून बघितलं. बोटाला थरथर लागते, पण सूर? मला कोकरू आणि भोंगा सारखेच. मदतनिसाला विचारलं तर तो खांदे उडवतो. बाईंना सांगायची लाज वाटते. त्या म्हणतील, दुसरा माणूस बघू.

काहीतरी सुचव, दादा. आणि गंमत म्हणजे, तू ताणाबद्दल अगदी शिंप्यासारखं बोलायला लागलायस. वहिनींच्या शेजारी बसून बसून झालं असणार.

ठोक्या


२१ एप्रिल

भावोजी,

बाईंना काही सांगू नका. ऐकू येण्याची गरजच नाही.

सूर म्हणजे तरी काय, ताण. तो कानाने कळतो तसा हातानेही कळतो. भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा घ्या, मोठा. एका दांड्याचं टोक त्या काट्याने ठरावीक खुणेपर्यंत ओढा, किती भार दाखवतो ते बघा. मग दुसरा दांडा तेवढाच ओढा. दोन्हीकडे काटा सारखा आला, की सूर सारखा. एक कमी आला तर त्या गुंडीला थोडा पीळ द्या, पुन्हा ओढा. वेळ लागेल. पण तुम्हाला कुठे घाई आहे?

मी गॅलरीत दोन दोऱ्या बांधून करून बघितलं. म्हणजे ह्यांनी माझ्याकडून करून घेतलं. जमतं.

आणखी एक. केसांचा दोर ओल धरतो. ढगाळ हवेत पीळ सैल पडेल, तेव्हा घाबरू नका. काम नसेल तेव्हा गुंड्या उलगडून ठेवा. कायम ताणलेलं कुणीच टिकत नाही.

इकडे सगळं ठीक. मी कपडे दुरुस्त करायची कामं आता घरीच आणते. दुकानात जाणं होत नाही.

वहिनी


१४ मे

दादा! सुटला!

काट्याने ताण जुळवला. कितीदा तरी पीळ देऊन, ओढून, पुन्हा पीळ देऊन. शेवटी दोन्हीकडे सारखा आला. मग सगळ्यांना कुंपणाच्या दोरीमागे उभं केलं आणि मी खटका काढला. धक्का पायांतून छातीपर्यंत आला. दगड मैदानावरून असा सपाट गेला आणि फळ्यांच्या निशाणाच्या कडेला लागला. कडेला, पण लागला! मागे वळलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्या मला दिसतात, दादा. ऐकू येत नाहीत तरी बऱ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि दगड निम्म्यावरच पडला. तू म्हणाला होतास तसंच. मी बाईंना ऐटीत सांगितलं, “ओल धरली.”

त्या संध्याकाळी खोलीवर आलो, हात धुतले, आणि हे कुणाला सांगू असं झालं. खाली पहारेकऱ्याला हातवाऱ्यांनी सांगून बघितलं. त्याला वाटलं, माझ्या पोटात दुखतंय. औषध घेऊन आला.

एक विचारू? तू किती बदललास रे. पूर्वी तुला एक गोष्ट विचारली की आधी तीन टोमणे खायला लागायचे, मग उत्तर. आता इतकं सावकाश, समजावून सांगतोस. म्हातारपणाने गोड झालास. तुझी ही पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचतो. आपण लहानपणापासून इतकं कधी बोललोच नव्हतो.

आता दुसरं यंत्र. तुळई आणून टाकलीय, भलती लांब आहे. वजनाचं सगळं सविस्तर सांग. आणि पहिला दगड सुटेल तेव्हा तुम्ही दोघांनी यायचंच. मी खोली घासूनपुसून ठेवतो.

ठोक्या


२ जून

भावोजी,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. औषधाचं वाचताना मला इतकं हसू आलं की थांबावं लागलं.

आता दुसरं यंत्र. मला सगळ्यात आवडलं ते हे, की सुरुवातीला पेटी नव्हतीच. तुळईच्या आखूड टोकाला पुष्कळ दोर बांधलेले असायचे आणि पुष्कळ माणसं एकदम ते खाली ओढायची. त्यांत बायकाही असायच्या म्हणे. पण सगळ्यांचा झटका प्रत्येक वेळी सारखा कसा येणार? कुणी दमलेलं, कुणी घाबरलेलं. दगड कधी इथे, कधी तिथे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसांच्या जागी माती-दगडांनी भरलेली पेटी टांगावी. पेटी दमत नाही. प्रत्येक वेळी तेवढ्याच जोराने पडते, म्हणून दगड पुन्हा पुन्हा तटाच्या त्याच जागी बसतो. भिंत पडते ती अशाने.

पिळाच्या यंत्राला मर्यादा होती. मोठा दगड हवा तर जाड गुंडी, जाड गुंडीला जड चौकट, आणि दोर भरणारी शिकलेली माणसं. हवा ओली झाली की सगळं फुकट. वजनाच्या यंत्राला पावसाचं विशेष काही नाही. ते अवजड आहे, हळू आहे, बाजूला वळवायचं तर जीव जातो. पण दगड कितीतरी मोठा फेकतं, आणि तो उंच कमान करून वरून येतो.

पेटी तुळईला घट्ट ठोकू नका, कडीवर लोंबती ठेवा, म्हणजे ती सरळ खाली पडते आणि चौकटीला हिसके कमी बसतात. गोफणीचं एक टोक तुळईला पक्कं, दुसऱ्या टोकाला कडी, ती तुळईच्या आकड्यात नुसती अडकवलेली. दगड कधी सुटणार ते आकड्याच्या बाकावर ठरतं. आकडा जितका सरळ, तितकी कडी उशिरा निसटते.

येण्याचं जमेलसं वाटत नाही. ह्यांचे गुडघे धरतात, आणि प्रवास लांबचा. वाईट वाटून घेऊ नका.

आमच्याकडेही कुणी फारसं येत नाही. समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी घर बदलून गेली. तेव्हा पत्र लांबलचक लिहा.

वहिनी


१७ जुलै

दादा,

उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला. डोकं शांत झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

यंत्र उभं राहिलं. पेटी लोंबती ठेवली. दगड उशिरा सुटावा म्हणून, तू सांगितलंस त्यावरून, आकडा जवळजवळ सरळ केला. पहिल्या दगडाला बाई स्वतः हजर होत्या. खटका काढला, पेटी पडली, तुळई उठली, आणि कडी निसटली कुठल्या कुठे आधीच. दगड पुढे गेलाच नाही. सरळ वर गेला, आमच्या डोक्यांवरून मागे आला आणि तिकिटाच्या खोलीचं छप्पर फोडून आत पडला. त्या दिवशी संग्रहालय बंद होतं म्हणून खिडकीवरची मुलगी घरी होती. एरवी ती तिथेच बसलेली असते. तिची खुर्ची मी पाहिली. खुर्चीचे तुकडे झाले होते.

आकडा सरळ असला की कडी लवकर निसटते, दादा. उशिरा नाही. मी नंतर वाकवून बघितलं. तू हे उलटं सांगितलंस. तू! फळ्यावर डोळे मिटून आकडा काढणारा माणूस. शाळेतली पोरं तुझी नक्कल करायची त्या आकड्यावरून.

मी विचार करत बसलो. सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. एका पत्रातही तू मला शिवी दिलेली नाहीस. “मला सगळ्यात आवडलं ते हे” असं तू आयुष्यात कधी म्हणाला नाहीस. तुझा हात थरथरतो हे मान्य. पण थरथरत्या हाताची एक ओळ चालेल मला. वेडीवाकडी असू दे. वाचता नाही आली तरी चालेल.

वहिनी, हे तुम्ही वाचत असालच. त्यांच्या हातची एक ओळ पाठवा.

ठोक्या


२९ जुलै

भावोजी,

आकड्याची चूक माझी आहे, ह्यांची नाही. त्या मुलीची खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. ती बरी आहे ना, तेवढं कळवा.

तुम्ही मागितलेली ओळ सोबत आहे. तुमचं नाव सांगितलं, हातात पेन दिलं, आणि मी बाजूला झाले. जे लिहिलं ते तसंच पाठवते.

वहिनी

(सोबतच्या कागदावर, मोठ्या वळणदार अक्षरात:)

ठोक्या, अंधार पडायच्या आत घरी ये. नदीकडे जाऊ नकोस. आई जेवायची थांबली आहे आणि बाबांना मी काही सांगितलेलं नाही.


५ ऑगस्ट

वहिनी,

हे पत्र तुम्हाला आहे.

अक्षर कसलं सुरेख आहे त्याचं. एकही ओळ उतरलेली नाही. हात थरथरत नाही त्याचा, हे लगेच कळलं. आणि बाकीचंही कळलं. आईला जाऊन किती वर्षं झाली.

कागद घेऊन खाली गेलो, यंत्राच्या चौकटीवर बसलो. पहारेकरी आला, त्याने बघितलं आणि या वेळी औषध आणलं नाही. शेजारी बसून राहिला.

मुलगी बरी आहे. नवी खुर्ची मी केली तिला.

एवढंच सांगा. कधीपासून? आणि ती पत्रं, ती सगळी तुम्हीच लिहिलीत?

मी येतोय. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने.

ठोक्या


९ ऑगस्ट

भावोजी,

आधी वाटलं, येऊ नका म्हणून कळवावं. तसं पत्र लिहिलंही आणि फाडलं.

दोन वर्षं होत आली. सुरुवातीला ते शब्द विसरायचे, मग रस्ता, मग माणसं. अजून कळत होतं तेव्हा एकदा त्यांनी माझा हात धरून सांगितलं, “ठोक्याला कळू देऊ नकोस. त्याच्या डोक्यात मी आहे तसा राहू दे.” मी हो म्हटलं. म्हणून तुमच्या पहिल्या दोन पत्रांना उत्तरच दिलं नाही. खोटं लिहिण्यापेक्षा गप्प बसणं बरं वाटलं.

तिसरं पत्र आलं आणि त्यात प्रश्न होता. मला कित्येक दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे, “चष्मा कुठे आहे” आणि “तुम्ही कोण” याशिवाय. मी त्यांच्या कपाटातली पुस्तकं काढली. इतकी वर्षं त्या पुस्तकांवरची धूळ पुसली, उघडलं एकही नव्हतं. ते दुपारी झोपले की मी वाचत असे. पिळाचं मला चटकन समजलं, दोऱ्याशीच आयुष्य गेलंय. वजनाचं तेवढं समजलं नाही. आकड्याच्या चित्रातली बाणांची दिशा मी उलटी धरली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ती सगळी पत्रं माझी. त्यांचं त्यात काही नाही. तुम्ही लिहिलंत ना, की आपण इतकं कधी बोललो नव्हतो, ते वाचून मला आनंद झाला आणि लगेच चोरट्यासारखं वाटलं.

ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मनाची तयारी करून या.

वहिनी


३० ऑगस्ट

वहिनी,

पोचलो. आल्याबरोबर आकडा नीट वाकवला. काल सहा दगड टाकले आणि सगळे तटाच्या त्याच भागावर बसले. संचालकबाई खूश आहेत. फक्त दगड उचलून आणायला मीच जातो, त्यामुळे पाठ धरलीय.

तुमच्याकडे असताना एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तिथे तोंडातून निघेना.

आठवतं, दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला बळेच बाहेर पाठवलं? तुम्ही चपला घालून दारात कितीतरी वेळ उभ्या होतात. एकट्याने बाहेर जायची सवयच गेली होती तुमची. तुम्ही गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार काढलं, ते खाली घासत होतं ना, ते. दादा स्टूल घेऊन शेजारी येऊन बसला. त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतंच. दार दुरुस्त करायला आलेला सुतार, एवढं त्याने धरलं होतं, आणि तेही खरंच आहे. बिजागरीचे स्क्रू त्याने ओंजळीत धरले आणि मागेन तसा एकेक देत राहिला. शिक्षकाची सवय अजून तशीच आहे त्याची, समोर बघून, तोंड उघडून स्वच्छ बोलतो. शब्दन् शब्द कळला मला. इतक्या दिवसांत कुणाचं एवढं सलग बोलणं मला कळलं नव्हतं.

म्हणाला, “तुम्हाला भाऊ आहे का हो?”

म्हटलं, “आहे. मोठा.”

“मला धाकटा आहे. लांब असतो. काहीतरी मोठं काम करतो तिकडे, आणि पत्र पाठवतो.”

“काय लिहितो?”

“ते मला नीट कळत नाही. दगड असतात, दोर असतात. इथल्या बाई वाचून दाखवतात.”

मी रंधा मारायचा थांबलो. तो माझ्याकडे थोडा वाकला, खासगी काही सांगावं तसा. म्हणाला, “बाई फार चांगल्या आहेत, पण दिवसभर गप्प असतात. मला वाटतं, त्यांचं कुणी नाही. पत्र आलं की मात्र बोलतात. एकदा तर वाचता वाचता इतक्या हसल्या! म्हणून मी रोज विचारतो, पत्र आलं का. मला पत्राचं काही नाही हो. पण त्या हसल्या की घरात बरं वाटतं.”

मग तुम्ही आलात, भाजी घेऊन. दार हलकं झालं म्हणालात. मी हो म्हटलं आणि दार पुन्हा एकदा लावून बघितलं.

वहिनी, त्याचं त्यात काही नाही असं तुम्ही लिहिलंत. ते बरोबर नाही, एवढंच कळवायचं होतं.

ठोक्या


१२ सप्टेंबर

भावोजी,

आधी कामाचं. आता प्रश्न माझा आहे आणि त्यांच्या नावावर खपवायची गरज नाही. तुमच्या चौकटीला चाकं आहेत का? एका पुस्तकात लिहिलंय की वजनाचं यंत्र चाकांवर मोकळं सोडलं तर पेटी पडताना चौकट पुढेमागे सरकते आणि दगड जास्त लांब जातो. दुसऱ्या पुस्तकात म्हटलंय की चाकं फक्त वाहून न्यायला. मला पहिलं पटतं. पेटीला सरळ खाली पडायचं असतं, चौकट अडून बसली की ती वाकडी ओढली जाते. करून बघा आणि कोण चुकलं ते सांगा. मात्र आधी सगळ्यांना लांब उभं करा, त्या मुलीला सर्वांत लांब.

मी आठवड्यातून एकदा बाहेर जाते आता. तुम्ही खालच्या मजल्यावरच्या परिचारिकेशी बोलून ठेवलंत, ती येऊन बसते. लांब कुठे जात नाही. वाचनालयात जाते, एका कोपऱ्यात बसते. कुणी ओळखीचं नाही, तरी माणसांत बसल्यासारखं होतं. परत येताना जिन्यात पाय जड होतात, ते होतातच.

तुमचं पत्र आलं तेव्हा ह्यांनी विचारलं, “आलं का?” मी समोर बसले आणि वाचायला घेतलं. इतके दिवस मी त्यांना वाचून दाखवताना आपल्याबद्दलचा मजकूर गाळत असे, दगड, दोर आणि तो पहारेकरी तेवढे वाचत असे. या वेळी काही गाळलं नाही. दाराचं, स्क्रूचं, त्या गप्प बाईंचं, सगळं वाचलं. ते लक्ष देऊन ऐकत होते, वर्गात मुलांचं उत्तर ऐकायचे तसे, मान थोडी कलती करून.

झाल्यावर त्यांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, “हा सुतार भला माणूस दिसतो.”

मी म्हटलं, “आहेच.”

“एकटा आहे का?”

म्हटलं, “हो.”

“मग त्याला लिहा ना, बाई. म्हणावं, दार पुन्हा घासतंय.”

दार घासत नाही, भावोजी. छान लागतं. पण त्यांनी सांगितलं तसं लिहिते आहे. या.

वहिनी